वाटेवरचा क्रॉस आडवा झाला तेव्हा

आमच्या डब्लिनच्या मराठी मंडळातली मुलं (मुलं म्हणजे चाळिशी ओलांडलेली, पुण्या-नागपूरची, सॉफ्टवेअरमधली, पण मला मुलंच) दर दिवाळी अंकाला माझ्याकडे पाककृती मागतात. यंदा मी म्हटलं, अनारसे पुरे झाले, मी माझ्या कामाबद्दल लिहिते. अंकाचं काम बघणारी मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही जॉब करत होता?" घ्या. इतकी वर्षं माझ्या हातचे कांदेपोहे खाल्ले, पण त्या हातांची नखं चुन्यानं अशी पांढरट का असतात, हे कुणी विचारलं नाही.

तर मी दगड धुवायचे. माझी नात शाळेत तसंच सांगते, तिच्या त्या आयरिश हेल काढलेल्या इंग्रजीत. "माय आजी वॉशेस रॉक्स." खोटं नाही. पण कुठले दगड, ते सांगायला हवं.

तुम्ही बॉल्सब्रिजला ऑफिसला जाता, टॅलाला नाहीतर ब्युमॉन्टला हॉस्पिटलात ड्यूटी करता, सुट्टीला समुद्रावर जाता. कधीतरी गाडी आतल्या रस्त्याला घाला. एखाद्या गावाच्या फाट्यावर, भिंतीत अर्धा बुजलेला, नाहीतर कुंपणाच्या काट्यांत उभा असा दगडी क्रॉस दिसेल. बसगाड्या थांबतात ते उंचच्या उंच प्रसिद्ध क्रॉस वेगळे. त्यांना माणसं आहेत, तिकीट आहे. माझे हे वाटेवरचे. चारपाचशे वर्षांपूर्वी घरातलं माणूस गेलं की ऐपतीची माणसं रस्त्याच्या कडेला असा क्रॉस उभा करायची आणि त्यावर खोदून घ्यायची, की अमक्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा. सांगायचं कुणाला, तर रस्त्यानं जाणाऱ्याला. गुरं हाकणाऱ्याला, अंडी विकायला निघालेल्या बाईला. ओळख ना पाळख, अशा माणसापुढे पदर पसरल्यासारखं. मला पहिल्यांदा याचा अर्थ कळला तेव्हा मी हातातलं काम सोडून नुसती उभी राहिले होते.

या कामात मी शिरले ती झाडू घेऊन. आमचे हे टॅलाच्या हॉस्पिटलात किचनमध्ये होते. डब्लिनची घरभाडी झेपेनात म्हणून आम्ही लांबच्या एका छोट्या शहरात राहायला गेलो. तिथे फर्गल नावाच्या माणसाचा जुने दगड दुरुस्त करायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक मोठी शेड, एक अंगण आणि चहाची खोली. मला त्यानं ती चहाची खोली झाडायला ठेवलं. शेडमध्ये तो दगड धूत असायचा. मी दारातून बघायचे. न्हाऊ घालताना बाळाचा कान धरतात ना, पाणी जाऊ नये म्हणून, तसा तो दगडाचा एकेक कोपरा धरायचा. एक दिवस त्यानं काही न बोलता माझ्याकडे ब्रश पुढे केला. मी वाईजवळच्या गावातली, शाळा दहावीपर्यंत. त्यानं मला शिकवलं असं म्हणता येणार नाही, कारण त्याला बोलायचाच कंटाळा. मी बघून बघून शिकले, आणि दोघांच्या वाटणीची बडबड मी केली.

कामाचं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पाणी, मऊ केसांचा ब्रश आणि बांबूच्या बारीक काड्या, एवढंच सामान. साबण नाही, तारेचा ब्रश नाही, आणि अंगणं धुवायची ती जोरात पाणी मारणारी मशिनं तर नावसुद्धा काढू नका. दगडावर वाढतं ते दगडफूल शक्यतो काढायचं नाही. हो, आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल, त्याच्याच जातीतलं. मी एकदा फर्गलला मसाल्याचा डबा दाखवला. त्यानं हुंगला आणि म्हणाला, "म्हणजे आम्ही ते सांभाळतो आणि तुम्ही ते खाता."

सांधायला सिमेंट नाही, चुना. भिजवून मुरवलेला, लोण्यासारखा. आमचे हे पाहुण्यांना सांगायचे, आमची बायको लोकांना चुना लावून पगार घेते. आणि शेवटचं हत्यार म्हणजे आरसा. झिजलेलं कोरीवकाम समोरून बघितलं तर दिसत नाही. उन्हात आरसा धरायचा आणि त्याची तिरीप दगडावर अगदी आडवी, घासून जाईल अशी टाकायची. मग कालपर्यंत जिथे काहीच नव्हतं तिथे नाक येतं, कपाळ येतं, वस्त्राची चुणी येते. आरसा हलला की सगळं परत दगडात जातं. इतकी वर्षं हे केलं, पण दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा. अजून येतो.

गिऱ्हाईकं एकेक असायची. एक बाई होत्या, नवरा गेलेला, मुलं ऑस्ट्रेलियात. घराजवळच्या क्रॉसला दर वसंतात पांढरा ऑइलपेंट द्यायच्या, आपण दिवाळीत फाटक रंगवतो तसा. प्रेमानं हो, दुसरं काही नाही. थरावर थर बसून क्रॉस मेणबत्तीसारखा दिसायला लागला होता. तो रंग मऊ करून काढता काढता आमचा अख्खा उन्हाळा गेला, आणि बाई रोज येऊन फर्गलला टोमणे मारायच्या, की तुझ्या आजोबांच्या वेळी लोकांना काहीतरी कामधंदा होता. शेवटचा थर निघाला तेव्हा खालून एक चेहरा आला. गोल, जरा दमलेला, डोळे उघडे. बाईंनी वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "आणि मी दर वर्षी त्याच्या डोळ्यांवर ब्रश फिरवत होते." पुढच्या वसंतात त्यांनी फाटक रंगवलं, क्रॉसला हात लावला नाही.

आता मॉसीच्या क्रॉसचं सांगते. अंकाला खरं तर तेच लिहायचं होतं, वर नमनालाच तेल फार गेलं. गावाचं नाव घेत नाही, मॉसीला मी तसा शब्द दिलाय. डब्लिनहून वायव्येला गाडीनं तासाभरावर आहे म्हणा.

पानगळ चालू होती. गुरांच्या चाऱ्यानं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली फाट्यावर वळताना घसरली आणि क्रॉसवर आदळली. ट्रॅक्टरवाल्याला खरचटलंसुद्धा नाही. क्रॉस मधोमध मोडून गवतात पडला. आम्ही पोचलो तेव्हा समोरच्या घरातला म्हातारा, हाच मॉसी, ऐंशीच्या पुढचा, ओल्या गवतात गुडघे टेकून दगडाच्या कपच्या वेचत होता आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवत होता. डब्यात खाली स्वच्छ फडकं पसरलेलं.

"आमचं निम्मं काम तुम्हीच केलंत," फर्गल म्हणाला.

"नोरानं फोनवर सांगितलं," मॉसी म्हणाला. "एक कपची सोडू नकोस म्हणाली."

नोरा त्याची बायको. ती तेव्हा ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात होती, आणि घरी परत येईल ती काही बरी होऊन येणार नाही, हे डॉक्टरांनी दोघांना स्पष्ट सांगितलेलं होतं.

मी कामाला लागण्याआधी सवयीनं पायथ्याभोवती एक फेरी घातली. दगड उजव्या हाताला ठेवून फिरायचं, कुठे तडा आहे, कुठे पाणी मुरतंय ते बघायचं. मॉसी गुडघ्यावरून उठत म्हणाला, "मागे सरकारी माणूस आला होता मोजमाप घ्यायला. युअर मॅन उलटा फिरला." इथे तिऱ्हाईताला असंच म्हणतात, 'तुमचा माणूस'. "तुम्ही बरोबर बाजूनं फिरलात. कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. घरी तुळशीला अशाच फेऱ्या घालतो आम्ही."

"तुळशी कोण?"

"झाड आहे."

त्यानं विचार केला. "झाडालाही ग्रँड," म्हणाला, म्हणजे झाडालाही चालेल. मग माझं नाव विचारलं. मी शैला म्हटलं. त्यानं ते शीला असं ऐकलं, जसं इथे सगळे ऐकतात, कारण शीला हे इथलंही नाव, आणि कुठल्या काऊंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शीला, असं मिश्कीलपणे विचारलं. मी म्हटलं, सातारा काऊंटी. तेव्हापासून आमचं जमलं.

त्या गावात रीत अशी, की मयत घरातून निघालं की चर्चला जाताना या क्रॉसपाशी थांबायचं. पायथ्याच्या पायरीवर शवपेटी टेकवायची. घरच्यांनी उजवीकडून एक फेरी घालायची, आणि एकेकानं क्रॉसवर हात ठेवून गेलेल्याचं नाव घ्यायचं. नुसतं नाव. मग पेटी उचलून पुढे जायचं. ही रीत कुणी घातली, कधी घातली, कुणाला माहीत नाही. पण पायरीच्या दगडाला पेटी टेकून टेकून खोलगट वाट पडली होती, त्यात बोट सहज मावायचं. गावातलं एकही माणूस तिथे थांबल्याशिवाय गेलं नव्हतं. नोरानं मॉसीकडे दुसरं काहीच मागितलं नव्हतं, असं तेव्हा तो म्हणायचा. "मला क्रॉसपाशी थांबवा," एवढंच.

आणि क्रॉस आमच्या शेडमध्ये दोन तुकडे होऊन लाकडी घोडीवर आडवा पडलेला.

मॉसी जवळजवळ रोज यायचा. ब्युमॉन्टहून परतताना आमची शेड त्याच्या वाटेवरच होती. स्टुलावर बसायचा, आपला फ्लास्क असूनही माझा आल्याचा चहा प्यायचा आणि विचारायचा, "कधी उभा राहील?" फर्गल म्हणायचा, "चुना सांगेल." चुन्याचं तसंच असतं. तुकड्यांच्या आत न गंजणारी सळी घालायची, सांध्यात चुना भरायचा, वरून ओलं गोणपाट. त्यात थंडी. घाई करून हलवलं की सांधा उघडतो आणि मग पहिल्यापासून. सिमेंट असतं तर दोन दिवसांत उभा राहिला असता, आणि काही वर्षांनी त्याच सिमेंटनं आजूबाजूचा दगड फोडला असता. हे सगळं मॉसीला कळत होतं, शेतकरी माणूस. तरी तो विचारायचा, आणि फर्गल तेच उत्तर द्यायचा.

त्यात आणखी एक भर पडली. फाट्याचा रस्ता सुधारायचं काम ज्या कंपनीकडे होतं, तिकडून एक इंजिनिअर पाहणीला आली. पिवळं जाकीट, डोक्यावर हेल्मेट, आणि फर्गलशी हात मिळवून झाल्यावर मला म्हणते, "काकू, तुम्ही मराठी ना? चहाच्या वासावरून वाटलंच." नागपूरची पोर. तिला आपण अदिती म्हणू, खरं नाव दुसरं आहे. ती तर खात्रीनं हा अंक वाचणार.

अदितीचं म्हणणं होतं, की मूळ क्रॉस म्युझियममध्ये ठेवावा आणि फाट्यावर हुबेहूब नकल उभी करावी. "पुन्हा ट्रॉली लागली तर काकू? या वेळी दगड मोडला. पुढच्या वेळी त्याच्यापाशी माणूस उभं असलं तर?"

आता यात चूक काय काढणार? मी म्हटलं, "नकलेवर हात ठेवून चालेल का, ते त्या म्हाताऱ्याला विचार."

"काकू, भावनेचा प्रश्न नाहीये हो. वळणाचा प्रश्न आहे."

"मग वळण हलव."

"तुम्ही अगदी माझ्या आईसारख्या बोलता," ती म्हणाली, आणि चहा पिऊन, विषय तसाच ठेवून गेली.

त्या दिवसांत मी त्या क्रॉसवरची अक्षरं लावत बसले होते. ओल्या दगडात शिंपले दिसायचे. हा इथला चुनखडीचा दगड म्हणजे एके काळचा समुद्राचा तळ, ब्रश फिरवला की इवलेसे शंख वर यायचे, आणि त्या शंखांवरून कुणीतरी छिन्नीनं अक्षरं कोरलेली. लॅटिन मला येत नाही, पण अक्षर अक्षर म्हणून ओळखू यायला लागलं होतं. सुरुवात सगळ्या क्रॉसवर असते तीच होती, आत्म्यासाठी प्रार्थना करा. शेवटी फर्गलला लागलं ते असं, की तिच्या नवऱ्यानं हा उभा केला. म्हणजे बाई होती कुणीतरी. मध्ये तिचं नाव असायला हवं होतं, आणि तिथे काही नव्हतं. मी आरसा वरून धरला, खालून धरला, दोन्ही बाजूंनी धरला. आजूबाजूची अक्षरं सळसळून उठायची आणि मधली तळहाताएवढी जागा तशीच, गुळगुळीत, जरा काळपट, तुकतुकीत. मी हट्टाला पेटले होते. एवढं म्हणून नाव वाचायचंच.

फर्गल माझ्या मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "शीला, क्रॉस उभा असताना ही जागा किती उंचीवर येते?"

मी माझ्या छातीपाशी हात नेला. आणि तो हात तिथेच राहिला.

लोकांनी हात ठेवून ठेवून ते नाव गेलं होतं. आमच्या गावच्या देवळातल्या नंदीच्या पाठीवर असाच काळा तुकतुकीतपणा होता, लहानपणापासून पाहिलेला. तरी मी इतके दिवस त्या जागेला मळ समजून काड्या फिरवायच्या बेतात होते. शेकडो वर्षं गावातली माणसं तिथे आली, प्रत्येकानं आपल्या माणसाचं नाव घेतलं आणि त्या बाईच्या नावाचा एक कण तळहाताला लावून नेला. तिनं, नाहीतर तिच्या नवऱ्यानं, वाटसरूंना थांबा म्हटलं होतं, आणि माणसं इतकी थांबली की तिचं नावच उरलं नाही. मी तो आरसा खाली ठेवला. त्या दिवशी मग माझ्याच्यानं काही काम झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मॉसीला ते सांगितलं. तो उठून आला, त्या जागेकडे बघत राहिला, पण हात लावला नाही. स्टुलावर जाऊन बसला आणि बोलायला लागला.

"आमचा पहिला मुलगा होता," म्हणाला. "ऍनच्या आधी." ऍन म्हणजे त्यांची मुलगी, ब्युमॉन्टलाच नर्स आहे. "जन्मला तो रडलाच नाही. तेव्हा अशा पोरांना चर्चच्या जागेत पुरत नसत. बाप्तिस्मा नाही, नाव नाही, मयत नाही. माझे वडील त्याला शेतातून मागच्या मागे घेऊन गेले, जुन्या कुंपणापाशी. नोरा खाटेवर. तिनं मला विचारलं होतं, त्याला क्रॉसपाशी थांबवलंत का? मी म्हटलं, हो."

मी ब्रश पाण्यात बुडवून ठेवला.

"तिला माहीत आहे की थांबवलं नव्हतं," मॉसी म्हणाला. "साठ वर्षं माहीत आहे. आता म्हणते, मला थांबवाल तेव्हा त्यालाही थांबवा. दोघांचं एकदमच होईल."

आता कळलं, तो रोज कधी, कधी, का विचारत होता.

फर्गलनं हे सगळं पलीकडून ऐकलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी मी जायच्या आधीच त्यानं सांधा भरायला घेतला होता. कपच्या मॉसीच्या डब्यातून एकेक काढून जागच्या जागी बसवल्या. त्यातली एकही कमी नव्हती. चुना भरला, गोणपाट गुंडाळलं, शेडच्या मोठ्या दाराची एक फळी बंद करून ठेवली, वारा लागू नये म्हणून. आणि आता फक्त वाट बघायची, असं झालं असतानाच नोरा गेली.

इथे माणूस गेलं की दोनतीन दिवसांत मयत निघतं. त्या संध्याकाळी मॉसी आला तो कोट घालून, गळ्यात टाय. ऍन गाडी चालवत होती. तिला फक्त एवढंच माहीत होतं, की आईला क्रॉसपाशी थांबायचं होतं. फर्गल दगडाजवळ उभा राहिला, सांध्यावर हात न लावता फिरवला आणि मान हलवली. नाही.

"वरचा भाग नुसता नेऊन ठेवता येईल," फर्गल म्हणाला. "पायरीवर."

"अर्धा?" मॉसी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याचाच त्रास झाला.

ऍन म्हणाली, "डॅड, पायरी तर आहे ना तिथे. पायरीवर थांबू आपण. मॅमला चाललं असतं." मॅम म्हणजे आई.

"हात कशावर ठेवायचा?"

अशा वेळी मी काय करते, तर चहा करते. प्रेसमधून कप काढता काढता (कपाटाला प्रेस म्हणायची सवय मलाही लागलीय) मी आपली काहीतरी बोलायचं म्हणून बोलत होते. म्हटलं, आमच्या गावच्या देवळाचं छप्पर काढलं होतं, तेव्हा देव शाळेच्या एका खोलीत बसवले होते. पावसाळाभर. लोक शाळेच्या दारात चपला काढायचे, फळ्यासमोर आरती व्हायची, मुलांचे वर्ग झाडाखाली. देव हलले तर माणसं त्यांच्या मागे जायची, त्यात काय. उलट पोरांना सुट्ट्याच सुट्ट्या मिळाल्या.

मी कप घेऊन वळले तर मॉसी माझ्याकडे बघत होता. मग त्यानं फर्गलकडे बघितलं. फर्गलनं शेडच्या दाराकडे.

"दार मोठं आहे," फर्गल म्हणाला. त्याच्या मानानं हे भाषणच झालं.

मयताच्या सकाळी मी शेडवर लवकर गेले. शेडमध्ये धूळ उडू नये म्हणून पाणी शिंपडलं, आमच्या दारात सडा घालतात तसं. चुन्याची पिंपं, वाळूच्या गोण्या भिंतीला सरकवल्या. क्रॉसशेजारी तेवढ्याच उंचीची दुसरी घोडी लावली, नोराच्या पेटीसाठी. अदितीला मी आदल्या दिवशी फोन केला होता. म्हटलं, ये, पण तपासणीला नको. ती आली, काळा कोट घालून, पिवळं जाकीट गाडीतच ठेवून. "काकू, मी कुठे उभी राहू?" एवढंच विचारलं.

शववाहिनी त्यांच्या गावाहून वाकडी वाट करून आमच्या अंगणात शिरली, आणि मागे गाड्यांची रांग. सगळं गाव आलं होतं. गावचे फादर तरुण, केरळचे. चर्च सोडून कारखान्यात प्रार्थना म्हणायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. फर्गल त्यांना म्हणाला, "कुठेही उभे राहा फादर, फक्त त्या गोण्यांना टेकू नका." गोण्यांकडे बघून फादर हसले आणि बाजूला झाले.

पेटी आत न्यायची म्हणून फर्गलनं दाराची बंद फळीही उघडली. हिवाळ्यातलं ऊन इथे कसं असतं तुम्हाला माहीत आहे, जमिनीलगत सरपटत येतं. दोन्ही फळ्या उघडल्या आणि ते ऊन अंगणातून थेट आत, क्रॉसवर आडवं पडलं. मी इतके दिवस आरशानं जे तुकड्या-तुकड्यानं बघत होते, ते सगळं एकदम उठलं. वरती हात पसरलेला येशू, बाजूला मान कललेली त्याची आई, खाली सगळी अक्षरं, आणि दगडातले ते शंखसुद्धा. आणि मध्ये ती गुळगुळीत जागा, चमकणारी. लोक आत येता येता दारातच थबकले. नोराची पेटी क्रॉसच्या शेजारी टेकवली. दोघं आडवी, एका उंचीवर.

मग फेरी सुरू झाली. घोड्या आणि पिंपांमधून वाट अरुंद होती, लोक एकामागून एक, उजवीकडून. प्रत्येकानं वाकून त्या जागेवर हात ठेवला आणि "नोरा" म्हटलं. कुणी मोठ्यानं, कुणी पुटपुटत. शेजारची बाई, पोस्टमन, तो ट्रॅक्टरवालासुद्धा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नाही. अदिती गेली, तिनंही नाव घेतलं. मी गेले. दगड एव्हाना इतक्या हातांनी कोमट झाला होता, आणि थंडीत पडलेला दगड कोमट लागणं ही काय गोष्ट आहे, ते ज्यांनी दगड धुतलेत त्यांनाच कळेल.

ऍननं हात ठेवला, आईचं नाव घेतलं, आणि बाजूला झाली.

शेवटी मॉसी. त्यानं टोपी काढून फर्गलकडे दिली. हात ठेवला.

"नोरा," म्हणाला.

सगळ्यांना वाटलं झालं. उचलणारे पुढे सरकले. पण त्यानं हात काढला नाही. उलट दुसराही हात वर ठेवला.

"आणि डॅनी," म्हणाला.

ऍननं चमकून बापाकडे बघितलं. हे नाव तिनं कधी ऐकलंच नव्हतं. गावात कुणीच ऐकलं नव्हतं. ज्याला नाव नव्हतं त्याचं नाव ती दोघं साठ वर्षं आपसात धरून बसली होती. ऍन हळूच पुढे आली, बापाच्या हातांवर तिनं आपला हात ठेवला, आणि न विचारता तेच नाव घेतलं. मग फर्गलनं. मग ज्यांची फेरी झाली होती ते सगळे परत वळले, आणि रांग पुन्हा एकदा उजवीकडून फिरली. या वेळी ते फक्त त्या पोरासाठी.

मयताहून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय घरात काही शिवायचं नाही, हे माझ्या अंगात मुरलेलं. पण त्या दिवशी मॉसीच्या घरी गेले, चहा घेतला, सँडविच खाल्लं आणि ऍनच्या शेजारी बसले. ती म्हणाली, "मला भाऊ होता." मी म्हटलं, "हो."

अदितीनं नंतर मला काही सांगितलं नाही. एकदा नुसता नकाशा आणून टेबलावर पसरला. वळण हललं नव्हतं, ते तिच्याही हातात नव्हतं. पण क्रॉस रस्त्यापासून आत घेतला होता, मॉसीच्या कुंपणाकडे, पुढे दगडी कठडा, आणि पेटी खांद्यावर घेऊन फिरता येईल एवढी मोकळी जागा सगळ्या बाजूंनी. "हा मूळचाच, नकल नाही," ती म्हणाली. "आता तरी आई-आई म्हणून टोमणे मारू नका." टोमणे तिचे होते, पण मी म्हटलं, बरं.

वसंतात चुन्यानं हो म्हटलं आणि क्रॉस परत उभा राहिला. जुनी पायरी खाली तशीच, तिच्या खोलगट वाटेसकट. पुढच्याच वर्षी मी काम सोडलं, गुडघे बोलायला लागले होते. पण क्रॉस उभा राहिला त्या दिवशी फर्गलनं मला ब्रश दिला, पहिल्या दिवशी दिला होता तसाच, आणि म्हणाला, "प्रवासाची धूळ बसलीय, एकदा धुऊन घे." मॉसी फाटकात उभा राहून बघत होता. मी उजवीकडून फेरी घातली आणि वरून खाली सगळा क्रॉस धुतला, हात, चेहरे, अक्षरं, शंख. ती तळहाताएवढी जागा तेवढी सोडली. तिथली दोन नावं अजून ताजी होती.